विनूच्या मशीनची बॅटरी

२४ सप्टें. १९८९, रविवार

विनू सकाळच्या गाडीने मुंबईला गेला. बोटीवरचा माणूस, घरात कमी नि पाण्यावर जास्त. आता वरच्या हुद्द्याची परीक्षा, म्हणून महिनाभर तिकडे अभ्यास. जाताना ते धूड आमच्याकडे ठेवून गेला. जपानहून आणलेला कॉम्प्युटर. सुटकेससारखा उघडतो, झाकणात पडदा, खाली कीबोर्ड. "लॅपटॉप म्हणतात, मन्या. मांडीवर घ्यायचा." वजन पाच-सहा किलो. मांडी कुणाची, खलाशाची?

ठेवलान तोही माझ्या भरवशावर नाही, शैलाच्या. "वहिनी, मी येईपर्यंत हात बसवून ठेवा. दिवाळीनंतर क्लास काढू. शिकवायचं तुम्ही." मी टायपिंग इन्स्टिट्यूटचा मालक. रत्नागिरीतल्या निम्म्या कचेऱ्यांतली बोटं मी वळवलेली. मला काय विचारलं, तर "मन्या, तुझी हरकत नाही ना?" हरकत कशी असेल! शाळेत एका बाकावर बसलेले आम्ही. चहा दिला, वर चिवडा दिला.

२६ सप्टें., मंगळ

घराच्या पुढच्या हॉलमध्ये, जिथे क्लास भरतो, तीन पिनांचा सॉकेट एकच, माझ्या टेबलाला लागून. त्यामुळे शै. तिथे बसते. (शैला. रोज पूर्ण नाव लिहायला शाई उतू चाललेली नाही.)

त्या यंत्राला आवाज नाही. हे मला फार लागलंय.

बारा मशिनं एकदम चालू असली तरी डोळे मिटून सांगेन, कुठल्या नंबरवर कोण चुकलं. घंटी वाजल्यावर लीव्हर ओढायला उशीर झाला की कळतं. करंगळी आळशी असली की कळतं. शै. माझीच विद्यार्थिनी, चार नंबरच्या मशीनवर शिकली. तिचा हात मी भिंतीपलीकडून ओळखायचो. लग्नानंतरसुद्धा ती बाहेर टाईप करत असली की आत जेवताना मला समजायचं, आता अडली, आता कुणावर तरी रागावली. राग तिच्या डाव्या करंगळीत असतो.

आता बोटं तीच, मी शिकवलेली. चालतात भराभर. आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

३० सप्टें., शनि

घट बसले. आईचे उपास सुरू.

त्या यंत्राच्या पोटात बॅटरी आहे. वायर लावून ठेवली की तांबडा दिवा, भरली की हिरवा. मग वायर काढून कुठेही न्या, दीड-दोन तास चालतं. वि. तिला दाखवून गेला होता म्हणे. मला नाही दाखवलं.

तर आज दुपारची बॅच चालू असताना शै. ते उचलून मागच्या पडवीत जाऊन बसली. पोफळीखाली गार वारा, कुणाची कटकट नाही. कटकट म्हणजे आम्ही. मी दोनदा पाणी प्यायला आत गेलो. तिसऱ्यांदा एक पोरगी म्हणाली, "सर, घसा बसलाय काय तुमचा?"

२ ऑक्टो., सोम

सुट्टी. मला वाटलं, भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जाऊ. शै. पडवीत, यंत्र मांडीवर. "थोडं राहिलंय हो." काय राहिलंय ते विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतंन, म्हणूनच विचारलं नाही.

आई केळीची पानं पुसत होती. म्हणाली, "अगो, मांडीवर घ्याया दुसरा काय गावला नाय काय तुला?"

शै. झाकण मिटून आत गेली. मी बोलायला हवं होतं. आईला नव्हे, शै.ला काहीतरी. पण मी पेपरात तोंड घालून बसलो. डॉक्टर झाले, पुळ्याचा गणपती झाला, सगळं झालं. लग्नाला सात वर्षं झाली. आईला काय सांगायचं.

संध्याकाळी ती पुन्हा पडवीत. आता नुसतं यंत्र नाही, पाठही माझ्याकडे.

१० ऑक्टो., मंगळ, दसरा

मशिनांची पूजा. काल पेट्रोल आणि ब्रशने अक्षरं घासून काढली, तेल दिलं, नव्या रिबिनी चढवल्या. आज अंघोळ करून एकेका मशीनच्या कपाळावर हळदीकुंकवाचा ठिपका, अक्षता, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. बारा जणी नटून ओळीत. आमच्याकडे एक नियम, वडिलांपासूनचा: कुंकू कपाळावर, अक्षरांना नाही. अक्षराला कुंकू लागलं की ते बुजतं, आणि कचेरीत बुजलेलं अक्षर चालत नाही.

तेराव्यासाठीही ठिपका तयार ठेवला होता. मन मोठं करून. तर शै. म्हणाली, "ह्याची मी करते." उचललं आणि आत आईच्या देव्हाऱ्यापाशी घेऊन गेली. बराच वेळ. उदबत्तीचा वास आला. बाहेर आणलं तेव्हा झाकण कोरं करकरीत.

"कुठे लावलंस?"

"लावलं की." आणि हसली.

विनूच्या वस्तूला डाग नको, एवढंच असणार. आमची मशिनं काय, डागाळलेलीच.

सोनं वाटायला मांडवीपर्यंत जाऊन आलो. शै. बरोबर होती, छान दिसत होती. तिला सांगितलं नाही.

१२ ऑक्टो., गुरु

बॅटरी भरत नाही!

वायर लावली तर यंत्र चालतं, पडदा उजळतो, सगळं ठीक. पण तांबडा दिवा लागतच नाही. वायर काढली की फट्. गेलं. शै.ने टाईप केलेलं होतं नव्हतं तेही गेलं.

ती रडवेली. मला आनंद झाला. खरं लिहितो, रोजनिशीत खोटं लिहायचं तर ती ठेवायची कशाला! शेजारच्याच्या आंब्याचा मोहोर करपला की होतो तसा आनंद. तोंडावर दिसू दिला नाही. "अरेरे" म्हणालो. जरा जास्तच लांबवून म्हणालो बहुतेक, कारण तिने वर पाहिलं.

१४ ऑक्टो., शनि, कोजागरी

मी मदत करतोय. केली नाही, असं कुणी म्हणायला नको.

बोर्डावरचा फ्यूज बदलला. उपयोग नाही. रेडिओचा स्टॅबिलायझर लावून पाहिला. तो नुसता गुरगुरला. पुस्तिका जपानीत, चित्रात एक माणूस प्लग हातात धरून हसतोय.

मग शै.ला सुचलं: आई! आई जेवल्यावर आडवी होण्याआधी मेन स्विच खाली ओढते. रोजचं आहे ते. गेलेली लाईट परत येते ती जोरात येते आणि घर पेटतं, असं तिचं मत. म्हणजे दुपारभर बॅटरी भरत ठेवतोय म्हणून समजायचो, आणि घरात वीजच नाही. सापडला चोर! शै. टाळ्या पिटायची बाकी होती. माझा आनंद तिथेच संपला.

आईची मनधरणी. "पेटला म्हंजे मग मला सांगू नुको," म्हणाली आणि मीटरच्या पेटीखाली पाट टाकून दुपारभर राखण करत बसली, हातात केरसुणी. आग लागली तर केरसुणीने विझवणार होती.

घर पेटलं नाही. तांबडा दिवाही पेटला नाही. रात्री दूध आटवलं. मी दोन पेले प्यायलो.

१७ ऑक्टो., मंगळ

रामआळीतून इस्माईलभाईंना बोलावलं. रेडिओ, टीव्ही दुरुस्त करतात, आता व्हीसीआरसुद्धा. त्यांनी वायरीच्या टोकाला मीटर लावलं. करंट येतोय. पाच मिनिटं यंत्राभोवती फिरले, पण पोट उघडायला हात धजेना. "सर, पाहुण्याची वस्तू. वायर ठीक हाय म्हणजे सेल मेलाय. हितं काय मिळायचा नाय. बोटीवरनंच मागवा."

शै.ने विचारलं, "नक्की मेलाय?"

"ताई, मेलेला उठतो काय?"

म्हणजे निकाल लागला. वायर दोन हात लांब. म्हणजे बायको माझ्यापासून दोन हातांवर, रोज सकाळ-संध्याकाळ. आता दुपारी पाणी प्यायला जावं लागत नाही.

१९ ऑक्टो., गुरु

आज वाचलं. शेजारीच बसते तर पडदा दिसणारच. ती चहा ठेवायला उठली होती.

धडे लिहितेय, क्लाससाठी. मराठी अक्षरं त्या यंत्रात नाहीत, म्हणून मराठी धडा इंग्रजी अक्षरांत. वाचायला त्रास होतो, पण वाचला. पहिल्या धड्याचं पहिलं वाक्य: घाबरू नका, चुकलं तर पुसता येतं.

पुढे मनगट कसं उचलायचं, मान कशी ठेवायची. ते सगळं माझं, शब्दन् शब्द. पण माझ्या तोंडून येतं तेव्हा पोरं खांदे आवळतात. तिने लिहिलंय ते वाचून मलाच बसून शिकावंसं वाटलं. हॉलच्या भिंतीवर माझ्या अक्षरात पाटी आहे: चुकलात तर पान पुन्हा.

आतापर्यंत वाटत होतं, विनूवर जळतोय. पगारावर, परदेशी बुटांवर, "वहिनी" म्हणण्यावर. तसं असतं तर बरं झालं असतं. विनू बोटीवर निघून जाईल. मी शै.वर जळतोय. ती माझ्याहून चांगलं शिकवेल. शिकवतेच आहे.

चहा आला. साखर जास्त झाली, असं म्हणालो. झाली नव्हती.

२१ ऑक्टो., शनि

वि.चा ट्रंक कॉल, समोरच्या मेडिकलमध्ये. मी धावत गेलो, तर म्हणतो, "वहिनींना दे." दिला.

गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने येतोय, दिवाळीला. आणि दिवाळी झाली की पुळ्याच्या वाटेवरच्या एका शाळेत यंत्र न्यायचं ठरवलंन. तिथल्या हेडमास्तरांनी सगळे शिक्षक जमवलेत. शै.ने दाखवायचं, समजावायचं. जमलं तर तिथूनच पहिली बॅच. शाळेत लाईट आहे ती नावाला, म्हणून बॅटरीवर चालवायचं.

शै.ने फोनवर बॅटरीचं सांगितलं नाही. "हो हो, सगळं ठीक" म्हणाली. रस्ता ओलांडताना माझा दंड धरलान. असं ती बाहेर कधी करत नाही.

"अहो, तुम्ही एकदा बघा ना. तुमच्या हाताला यश आहे. इस्माईलभाईंनी उघडून तरी कुठे पाहिलंय?"

"तूच उघड. तुला दाखवलंय ना त्याने."

"मी काढून बसवून पाहिली चारदा. मला काही दिसत नाही त्यात."

बघतो म्हणालो.

२३ ऑक्टो., सोम

दुपारी शै. पोहे-बेसन आणायला गेली होती. आई झोपली, मेन स्विच खाली. हॉल रिकामा. यंत्र उलटं केलं. बाजूला एक खिटी, अंगठ्याने सरकवली तर बॅटरी अलगद हातात आली. साबणाच्या दोन वड्या जोडाव्यात एवढी. तिच्या टोकाला पितळेच्या दोन पट्ट्या, इथूनच वीज आत जाणार.

दोन्ही पट्ट्यांवर कुंकू. खाली हळद, वर कुंकू, पाण्यात कालवून लावलेलं आणि वाळून खपली धरलेलं. एकावर अक्षतेचा दाणासुद्धा चिकटलाय. कडेने पितळ हिरवट पडलंय. आणि ठिपक्यावर बोटाची रेघ उमटलेली. अनामिका. ती बोटं मी ओळखणार नाही तर कोण?

बसूनच राहिलो.

म्हणून झाकण कोरं होतं. माझ्या मशिनांना आम्ही कपाळावर टेकवतो नि पुढे जातो. हिने याचं पोट उघडून काळीज बाहेर काढून पूजा केलीन. नंतर चारदा काढली, चारदा पाहिली. कुंकू दिसलं असेल तिला. पण कुंकू कुणाला नडतं, हे कुठल्या बाईच्या मनात येणार? मेलेला सेल म्हणे. इथे वीज दारात उभी, नि उंबऱ्यावर हळदीकुंकू.

हसू आलं आणि लगेच इतकी आग झाली. माझ्या एका मशीनला तरी कधी इतक्या मनापासून लावलंन का?

टेबलाच्या खणातून रबर काढलं, आपलं नेहमीचं, चाकासारखं, मागे ब्रश असलेलं. पेट्रोलचं बोट लावून डावी पट्टी घासली. दोन मिनिटांत सोन्यासारखी झाली.

उजवीवर रबर टेकवलं. आणि डोळ्यांसमोर ती शाळा आली. ती उभी, मास्तर लोक बाकांवर, विनू बाजूला हात बांधून. आणि मी कुठेच नाही.

फाटक वाजलं. बॅटरी होती तशी आत सरकवली.

२४ ऑक्टो., मंगळ

एक पट्टी साफ असून भागत नाही, हे शाळेत शिकलोय. वीज एका पायाने येत नाही. तरी सकाळी शै.ने वायर लावली तेव्हा श्वास धरून बसलो होतो. दिवा लागला नाही.

"मेलीच ती," शै. म्हणाली. "भाऊजींना आल्यावर सांगावं लागेल. शाळेचं रद्द करू." मग स्वतःशीच, "नाहीतरी मला काय जमणार होतं."

हे वाक्य मी कितीतरी पोरींच्या तोंडून ऐकलंय, याच हॉलमध्ये. प्रत्येकीला ओरडलोय, "न जमायला काय झालं!"

आज ओरडलो नाही. रिबिनीचा हिशेब करत बसलो.

रात्री अर्ध्या ताटावरून उठलो. आई म्हणाली, "बाबू, तुझा काय पोट-बिट बिघडला नाय ना?"

२६ ऑक्टो., गुरु

विनू संध्याकाळी येतो.

बॅच नाही, दिवाळीची सुट्टी. आई आत चकल्यांचं पीठ मळतेय. मी टेबलाशी. शै. यंत्र पुसायला बसली, पाहुण्याचं पाहुण्याला स्वच्छ द्यावं म्हणून. खिटी सरकवल्याचा आवाज आला.

मी वर पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बॅटरी टेबलावर ठेवली. एक पट्टी झळझळीत, दुसरी लाल.

"एकच का पुसलंत?"

आयुष्यभर लोकांच्या चुका सांगतोय, ओळ नंबरसकट. आज माझी पाळी.

"यानेच अडलं होतं?"

मान हलवली.

"भाऊजी म्हणाले होते, हिच्यात जीव आहे. म्हणून हिला लावलं." डोळे भरलेले, पण आवाज साफ. "मला वाटलं होतं, पुढेमागे तुम्हीपण शिकाल. दोघं मिळून काढू क्लास. पाटी बदलू." मग म्हणाली, "माझी चूक झाली, कळलं नाही मला. तुम्हाला कळलं होतं."

"शैला..."

"कधी कळलं?"

"सोमवारी."

तिने खण ओढला. रबर कुठे असतं ते तिला माझ्याइतकंच ठाऊक. काढून बॅटरीशेजारी ठेवलं. मला वाटलं, आता तीच घासून टाकेल आणि सुटलो.

"मी लावलेलं कुंकू मी पुसायची नाही," म्हणाली. "अर्धं तुम्ही पुसलंत. उरलेलं काय करायचं ते तुम्ही बघा. भाऊजींना काय सांगायचं तेही."

गेली ती आत नाही, पडवीत नाही. चार नंबरवर जाऊन बसली. कव्हर काढलं, कागद चढवला. कित्येक दिवसांनी तो हात ऐकला. पहिली ओळ, घंटी, लीव्हर. डावी करंगळी इतकी जोरात, की कागदाला भोकं पडत असणार. दुसरी ओळ. मग एका अक्षरावर अडली. ती कधी अडत नाही.

आता आवाज थांबलाय. पाठमोरी बसलीय, बोटं कीजवरच. आतून पिठाचा धप् धप् तेवढा येतोय.

रबर हातात घेतलंय. शै. ऐकतेय.